कोटाची बटणं, कवड्या आणि महिनाअखेर

पैशांचे निर्णय घ्यायची सवय लागावी म्हणून मी मुलांसाठी पटावरचा एक खेळ केलाय, परवाच्या रविवारी त्या पटावर एक मुलगा आहेराच्या घरात येऊन अडकला. कार्ड असं होतं की मामाच्या मुलीचं लग्न आहे, 2000 चा आहेर करा, नाहीतर 500 चं पाकीट द्या, नाहीतर नुसते अक्षता टाकून या. त्याच्या हातात होते 1300 आणि गॅस सिलिंडरचं घर पुढे तीनच घरांवर. थोडा वेळ पटाकडे बघत बसला आणि म्हणाला, "ताई, सावकाराचे 2000 घेतो." मी काही बोलले नाही, खेळ चालू असताना गप्प राहायचं हा मी मला घालून घेतलेला नियम आहे, पण शेजारची मुलगी बोललीच, अरे पाचशेचं पाकीट दे की! तर तो तिला म्हणाला, "पाचशेचं पाकीट घेऊन मांडवात कोण जाणार? तू जाशील?"

ती गप्प झाली. सगळेच गप्प झाले. कारण ते खरं होतं ना.

मी सांगलीत एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते, 11 वर्षं झाली. आमच्याकडे येणारी बावीस-तेवीस वर्षांची पोरं बघते, कुणाचे मोबाईलचे हप्ते थकलेत, कुणी मित्राला जामीन राहिलाय आणि मित्र फोन उचलत नाही, कुणी बहिणीच्या लग्नाला शेकड्याच्या व्याजाने पैसे उचललेत, आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं असतं की मॅडम, तेव्हा एवढं लक्षात आलं नाही. म्हणून ओळखीच्यांच्या माडीवर दर रविवारी सकाळी नववी ते अकरावीची मुलं गोळा करायला लागले. पहिले दोन-तीन महिने मी चक्क शिकवायचे, फळ्यावर व्याजाचं गणित, बजेट म्हणजे काय वगैरे. मुलं हुशार आहेत, बरोबर उत्तरं द्यायची. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये, सगळं तोंडपाठ. आणि मला कळायचं की ही उत्तरं माझ्यासाठी आहेत, त्यांची स्वतःची नाहीत.

पटावर मात्र तसं होत नाही. दान पडलं, सोंगटी त्या घरात गेली, सगळे बघतायत आणि हातात नोटा कमी आहेत, तेव्हा माणूस त्याला खरंच जे करावंसं वाटतं तेच करतो. मी रविवारची वाट बघते ती याच्यासाठी.

खेळाचं नाव मुलांनीच ठेवलं, महिनाअखेर. फ्लेक्सवाल्याकडून तीन बाय तीन फुटांचा पट छापून घेतलाय, 30 घरं म्हणजे 30 तारखा. सोंगट्या म्हणून जुन्या कोटांची बटणं, दान टाकायला कवड्या, नोटा व्यापार या खेळाच्या जुन्या डब्यातल्या. सुरुवातीला प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, त्यात तुमचं काम असतं. हळदीच्या अडतीत हमाली, द्राक्षबागेत रोजाने छाटणी, रिक्षा, कापडाच्या दुकानात सेल्समन. सेल्समनला 7 तारखेला एकदम 12000 मिळतात आणि मग महिनाभर काही नाही. रिक्षावाल्याचं रोजचं दान जसं पडेल तसं. आधी सगळ्यांना सेल्समन व्हायचं असतं, पण 20 तारखेच्या पुढे बघा, सेल्समनच्या हातात काही उरलेलं नसतं आणि रोज थोडं थोडं बाजूला टाकणारी बागेतली बाई आरामात चाललेली असते. कधी कधी उलटंही होतं, पाऊस पडला की बागेतला रोज बुडतो, त्याचंही कार्ड आहे.

कर्जाची दोन दारं आहेत. बचत गट, शेकडा 2 महिना, म्हणजे शंभराला महिन्याला 2 रुपये व्याज, पण पहिल्या आठवड्यात 200 भरून सभासद झाला असाल तरच. आणि सावकार, शेकडा 10, कधीही, काही विचारत नाही. पहिल्या डावात 200 कुणीच भरत नाही. मग कुणीतरी सावकाराचे 5000 उचलतं आणि दर महिन्याला 500 व्याज भरत राहतं, आम्ही लागोपाठ महिने खेळतो ना, त्यामुळे दहाव्या महिन्यात कळतं की 5000 व्याजातच गेले आणि मुद्दल जसंच्या तसं उभं आहे. हे फळ्यावर मी चारदा सांगितलं होतं. पटावर एका मुलीने स्वतः नोटा मोजल्या, परत मोजल्या, आणि म्हणाली "ताई, म्हणजे मी काहीच फेडलं नाही?" तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

एक घर मोबाईलवरच्या फसवणुकीचं आहे. मेसेज येतो, तुम्हाला 4000 चा कॅशबॅक लागलाय, स्वीकारण्यासाठी पिन टाका. पहिल्यांदा खेळले तेव्हा सहापैकी चौघांनी टाकला. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, ही एवढीशी गोष्ट आता त्या सहाजणांनी घरी जाऊन आईवडिलांना सांगितलीये, आणि 1930 हा सायबर हेल्पलाईनचा नंबर दोन घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलाय म्हणे.

आता यातली माझी सुरुवातीची चूक सांगते, कुणी असं काही करणार असेल तर उपयोगी पडेल. पहिला पट मी सापशिडीचा केला होता. आपल्याकडे मोक्षपट होताच, ज्ञानेश्वर माऊलींचं नाव परंपरेने त्याच्याशी जोडलेलं आहे, सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप. मी तेच आजच्या भाषेत केलं, बचत केली वर चढा, उधळपट्टी केली खाली या. मुलं दोन डावांत कंटाळली. कंटाळणारच, कारण त्यात त्यांना ठरवायचं काहीच नव्हतं, जे काय ठरवायचं ते कवड्या ठरवत होत्या आणि उपदेश मी करत होते. मोक्षपटाला दैव आणि कर्म दाखवायचं होतं, त्यासाठी तो चोखच आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलाला निर्णय घ्यायची सवय लावायची असेल तर प्रत्येक घरात निदान दोन वाटा पाहिजेत, आणि दोन्ही वाटांना काहीतरी किंमत मोजावी लागली पाहिजे.

व्यापार तर आपण सगळेच मे महिन्याच्या सुट्टीत खेळलोय, ज्याचं मूळ अमेरिकेतल्या मोनोपोलीत आहे. पण मोनोपोलीच्याही मागे लिझी मॅगी नावाची एक बाई आहे हे मला खूप उशिरा कळलं. तिने 1904 साली लँडलॉर्ड्स गेम नावाच्या खेळाचं पेटंट घेतलं होतं आणि तिला दाखवायचं होतं की जमीन मूठभर लोकांच्या हातात गेली की बाकीचे भाडं भरून भरून कसे कंगाल होतात. दोन तऱ्हेचे नियम तिने केले होते, एकात संपत्ती वाढली की सगळ्यांचंच भलं, दुसऱ्यात एकजण बाकीच्यांना चिरडतो. जगाने दुसरा उचलला, आणि 1935 मध्ये तो मोनोपोली म्हणून बाजारात आला तेव्हा तिचं नाव बाजूलाच पडलं. हे वाचल्यापासून मी नियम बनवताना फार विचार करते, कारण मुलांच्या डोक्यात उरतं ते जिंकायचं कसं एवढंच, नियम ज्याला बक्षीस देतो ते शिकतात.

म्हणून मग दुसरा खेळ केला तो सगळ्यांनी मिळून जिंकायचा किंवा मिळून हरायचा. पूर. सांगलीत हे समजावून सांगायची गरज नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ही मुलं तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, कुणी नातेवाईकांकडे, कुणी शाळेच्या हॉलमध्ये दिवस काढलेत. पटावर 36 फुटाला सुरुवात होते, प्रत्येक फेरीला पाणी चढतं, चौघांनी मिळून ठरवायचं आधी काय हलवायचं, आजी, म्हैस, औषधं, कागदपत्रं, धान्य, गाडी. वेळ सगळ्याला पुरत नाही.

पहिल्या दिवशी आजीचं कार्ड म्हणजे नुसती एक वस्तू होती, दोन फेऱ्यांत हलवायची. तर एक मुलगा, एरवी एक शब्द बोलत नाही, तो म्हणाला, "ताई हे चूक आहे, आजी अशी येत नाही. आमची आजी म्हणत होती 2005 ला पाणी उंबऱ्यापर्यंतच आलं होतं, मी नाही येणार." मग मुलांनी तिथल्या तिथे नियम बदलला. एकाने आजी व्हायचं आणि बाकीच्यांनी तिला खरोखर समजावायचं, आजीला पटलं तरच कार्ड हलणार. तोच आजी झाला. एकाने आरडाओरडा केला, पाणी 44 वर आलंय, चल ना! आजी ढिम्म. दुसऱ्याने फुटांचे आकडे सांगितले, आजीने मान फिरवली. 45 झालं. मग ती आहेराच्या वेळची मुलगी त्याच्याजवळ सरकून बसली आणि हळू म्हणाली, "आजी, देव्हाऱ्यातले देव मी पिशवीत घेते, तू दिवा घे, दोघी मिळून जाऊ."

आजी उठली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत जीवन कौशल्यं दहा आहेत, संवाद, समानुभूती, निर्णयक्षमता अशी. मी ती यादी माडीवर लावली होती, आता काढली, तिथे मुलांनी लिहिलेली नवीन कार्डं लावलीत.

सगळं जमलंय असं नाही. मोबाईलच्या हप्त्याच्या घरात अजून बहुतेकजण हप्ताच घेतात. तो आहेरवाला मुलगा तीन डाव त्याच्यामुळे हरलाय आणि तरी दिवाळीत त्याच्या मोठ्या भावाच्या नावावर घरी फोन आलाच, हप्त्यावर. मला वाईट वाटलं होतं. पण पुढच्या रविवारी येऊन त्याने सांगितलं की दुकानात त्याने भावाला पैसे भरायच्या आधी थांबवलं आणि काउंटरवरच्या माणसाला विचारलं, प्रोसेसिंग फी धरून एकूण किती जाणार ते कागदावर लिहून द्या. त्या माणसाने आधी टाळलं, मग दिलं लिहून. तो आकडा बघून दोघांनी आधी ठरवलेला फोन सोडला आणि 6000 नी स्वस्त असलेला घेतला. तो कागद खिशातून काढून त्याने मला दाखवला, घडी घालून घालून मऊ झाला होता.