उंट आधी, क्वाड नंतर : आमची वाटचाल

गेल्या महिन्यात एका पाहुण्याने दुबईतल्या दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचं वाळवंट सफारीचं पॅकेज मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, "हे लोक ६० दिरहम कमी घेतायत, तुम्ही काय कमी करणार?" म्हणून. रेटचं सोडा, ते रोजचंच रडगाणं आहे. पण खाली त्यांनी लिहिलं होतं की आम्ही पाहुण्यांना आधी उंटावर बसवतो आणि मगच क्वाड बाईक (वाळूत पळवायची चार चाकांची मोटरसायकल) देतो, ही आमची खास पद्धत. मी गाडी साईडला घेऊन ते दोनदा वाचलं. खास पद्धत! अरे बाबांनो, ह्या पद्धतीपायी एका माणसाचं हाड मोडलंय, माझा पार्टनर सोडून गेलाय आणि बायकोच्या पाटल्या गेल्यात. मुलगी बरेच दिवस मागं लागलीय की बाबा कंपनीची वाटचाल लिहा, लिहा. तर घ्या, लिहितो.

मी मूळचा तासगावचा, आयटीआय मोटर मेकॅनिक. २००५ ला शारजात आलो, इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजात लागलो. २००८-०९ ची मंदी आली तेव्हा इथं लोक गाड्या एअरपोर्टला सोडून पळत होते, गॅरेजची बिलं कोण देतंय. एका गिऱ्हाईकाकडे माझे स्वतःचे पैसे अडकले होते, साईडला केलेलं काम होतं. तो म्हणाला पैसे नाहीत, ह्या चार क्वाड पडल्यात, पाहिजे तर उचल. होंडाच्या २५० सीसी, त्यातल्या दोन चालू आणि दोन नुसते सांगाडे. बायको तासगावहून फोनवर म्हणाली, चार चाकं आहेत तर निदान दारं तरी असतील ना? मी म्हटलं नाही. ती म्हणाली, मग गाडी कसली ती.

त्या चारवर धंदा सुरू झाला. हत्ता रोडला बदायरला बिग रेड म्हणून तो लाल वाळूचा डोंगर आहे, त्याच्यासमोर रस्त्याकडेला क्वाड भाड्यानं देणाऱ्यांची रांगच असते, त्यात एकाच्या जागेत मी माझ्या चार घुसवल्या. २०११ ला पार्टनर मिळाला. आपलाच, मराठी माणूस. त्याने दोन लँड क्रूझर आणल्या, मी क्वाड आणल्या आणि लायसन काढलं. तेव्हा कंपनीचे ५१ टक्के लोकल स्पॉन्सरच्या, म्हणजे इथल्या नागरिकाच्या, नावावर ठेवावे लागायचे, त्यामुळे आम्हा दोघांत उरले ४९ आणि त्यातही कोणाचे २५ आणि कोणाचे २४ ह्यावर पहिलं भांडण. लहबाबला जागा घेतली. आमची ट्रिप अर्ध्या दिवसाचीच, संध्याकाळचं ते बेली डान्स-बार्बेक्यू आम्ही कधी केलंच नाही. पावणेसहाला बर दुबई, करामा, देरा इथून पिकअप, सूर्य वर यायच्या सुमाराला वाळूत, आणि साडेअकराला हॉटेलवर परत. दुपारी पाहुणा मॉलला जायला मोकळा.

उंट चाचांचे. चाचा पाकिस्तानातल्या थरपारकरचे, वय तेव्हा साठीच्या पुढं, माझ्या आधी पंचवीस वर्षांपासून इथं. पाच सांडण्या, नर एकही नाही. मी एकदा म्हटलं होतं की चाचा एक मोठा रुबाबदार नर घेऊ, फोटोला बरा दिसतो. चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं मी क्वाडमध्ये डिझेल घालायला सांगितलं. आमचा सीझन थंडीचा, आणि थंडीतच नर माजावर येतो, तोंडाला फेस, घशातून तो लाल फुगा बाहेर काढतो, त्याच्यावर कोणाच्या आजीला बसवणार? खोगीर चाचा स्वतः बांधायचे. पुढची लोखंडी दांडी मी वेल्डिंग करून दिली, तिला पाइपवरचा फोम गुंडाळला, कारण उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, माणूस तोंडावर पुढं जातो आणि दांडी बरोबर बरगडीत बसते. (मागं रेला, मागं रेला असं आम्ही दहा वेळा ओरडतो तरी लोक पुढंच वाकतात.) बसवायला चाचा "इख्, इख्" करायचे, अरबी आवाज. स्वतःच्या थरच्या बोलीत उंटाशी फक्त रात्री बोलायचे.

आता क्वाडचं सांगतो, धंद्यातल्या लोकांना माहीत आहे पण तरी. वाळूत गाडी इंजिनाने मरत नाही, एअर फिल्टरने मरते. फोमचा फिल्टर रोज संध्याकाळी काढायचा, साबणाच्या पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, दाबायचा, सुकला की फिल्टर ऑइल लावून परत. पेट्रोलमध्ये धुणारे बघितलेत मी, जोडाचा गोंद सुटतो आणि मग वाळू थेट सिलिंडरमध्ये. चेनला ओलं तेल लावायचं नाही, तेल आणि वाळू मिळून पॉलिश पेपर तयार होतो. टायरमध्ये हवा चारच पाउंड, आणि पेट्रोल पंपावरचा गेज चार पाउंड दाखवतच नाही, काटा हलत नाही, त्यासाठी लो प्रेशरचा वेगळा गेज लागतो. माझा पहिला गेज अजून माझ्या खिशात असतो. काच फुटलीय, पण पार्टनरसारखं खोटं बोलत नाही. आणि अंगठ्याच्या रेसच्या डबीवर एक छोटा स्क्रू असतो, लिमिटरचा, तो आत फिरवला की कितीही अंगठा दाबा, गाडी तेवढीच पळणार. प्रत्येक पाहुण्यामागे तो स्क्रू सेट करायचा हा माझा नियम होता.

होता. २०१५ च्या डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी तो पाळला गेला नाही.

तेव्हा आम्ही सगळ्यांसारखंच करत होतो, क्वाड आधी. त्याला कारणही होतं. सकाळी दव पडलेलं असतं, वाळू बसलेली असते, क्वाड रुतत नाही. दहानंतर तीच वाळू पिठासारखी होते आणि दर पाच मिनिटाला कोणीतरी अडकतो. म्हणून सकाळी क्वाड, नंतर उंट. त्या दिवशी ३१ पाहुणे होते, वेळ वाचवायला दोन ग्रुप केले, एक क्वाडवर आणि एक उंटावर, एकाच वेळी. ही आयडिया पार्टनरची. मी नाही म्हटलं नाही, हे पण लिहितो. एका पोराची क्वाड रुतली, मी ती काढायला गेलो, तेवढ्यात दुसऱ्या एकाने, वीस-बावीस वर्षांचा असेल, गाईडला मागं टाकून सरळ टेकाडावर चढवली. पलीकडे काय आहे त्याला दिसत नव्हतं. पलीकडे चाचांची रांग होती, पाच सांडण्या एकीला एक बांधलेल्या. टेकाडावरून क्वाड उडाल्यासारखी आली आणि तिसऱ्या सांडणीपासून दहा फुटावर पडली.

पोराला काही झालं नाही. तिसरी सांडणी बिथरून बाजूला उसळली, मागच्या दोघींना झटका बसला आणि तिच्यावरचा पाहुणा खांद्यावर पडला. गळपट्टीचं हाड मोडलं. चाचांनी दोर कापला, कमरेला सुरी असायची त्यांच्या, नाहीतर पाचही एकात एक अडकून सगळेच पडले असते. चौथीचं पिल्लू लहान होतं, ती त्यानंतर तीन दिवस दूध देईना. मला अजून त्या दिवसातलं काय आठवतं सांगू? सगळं शांत झाल्यावर चाचा एकेका सांडणीच्या पायावरून हात फिरवत होते आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

हॉस्पिटल, पोलीस, इन्शुरन्स, ते सगळं नीट झालं, पाहुणा माणूस चांगला होता, तक्रार केली नाही. पण शेजारच्या कॅम्पवाल्याचा ड्रायव्हर मोबाईलवर शूटिंग करत होता. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ दुबईतल्या सगळ्या हॉटेल डेस्कवाल्यांकडे. आमच्या गाडीवरचं नाव त्यात स्वच्छ दिसत होतं, त्याने मुद्दाम झूम केलं होतं. नाव नाही घेत त्याचं, तो अजून धंद्यात आहे आणि रस्त्यात भेटला की हात करतो, मी पण करतो. आठवड्यात बुकिंग निम्म्याच्याही खाली. जानेवारीत, ऐन सीझनला, पार्टनर दोन्ही लँड क्रूझर घेऊन गेला. कुठं? त्याच शेजारच्या कॅम्पवर. जाताना हॉटेलवाल्यांचे नंबर असलेला फोन पण घेऊन गेला, म्हणाला सिम माझ्या नावावर आहे. सिम त्याच्या नावावर होतं हे खरं आहे.

ज्यांनी इथं धंदा केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. जागेचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकने दिलेलं असतं. तेव्हा चेक बाऊन्स म्हणजे थेट पोलीस केस होती, उधारी-उसनवारीचा मामला नाही. माझे तीन चेक बाहेर होते, पहिला फेब्रुवारीचा. पाटल्या गेल्या त्या तेव्हा, देरा गोल्ड सूकमध्ये. बायकोने स्वतः काढून दिल्या आणि वर म्हणाली वजन नीट बघ. त्यातून पगार भागले. भाडं नाही.

आणि मग डोंबिवलीच्या काकूंचा फोन आला.

काकू बँकेतून रिटायर. दरवर्षी फेब्रुवारीत वीस-पंचवीस जणांचा ग्रुप घेऊन दुबईला यायच्या, बहुतेक बायका, निम्म्या पहिल्यांदाच विमानात बसलेल्या. २०१२ पासून आमच्याकडेच. मला वाटलं कॅन्सल करायला फोन केला. त्या म्हणाल्या, "बघितला मी तुझा व्हिडिओ. उंटाची काही चूक नाही, चूक तुझी आहे. आता काय बदललंस ते सांग." माझ्याकडे उत्तरच नव्हतं. म्हणालो उद्या सांगतो. रात्री चाचांच्या झोपडीत जाऊन बसलो. चाचा म्हणाले, "बेटा, ऊंट शोर से नहीं डरता, अचानक से डरता है." बास. तेवढंच.

त्यावरनं आम्ही दोघांनी वाळूत काठीने नकाशा काढून सगळी ट्रिप उलटी केली. उंट सगळ्यात आधी, उजाडता-उजाडता, सगळा ग्रुप उंटाजवळच, क्वाडला चावीसुद्धा लावायची नाही. शेवटचा पाहुणा उतरला, सांडण्या कुंपणात गेल्या, चाचांनी लांबून पंचा हलवला की मगच इंजिन चालू, ते पण टेकाडाच्या पलीकडे, अर्धा किलोमीटर लांब, वारा उंटांकडून आमच्याकडे येईल अशा बाजूला. क्वाडला नऊ वाजतात, वाळू सैल झालेली असते, म्हणून मी टायर रुंद घातले आणि हवा साडेतीनवर आणली. ह्यात एक फायदा असा निघाला जो ठरवलेला नव्हता : क्वाड चालवून माणसाच्या मांड्या आणि मनगटं थरथरत असतात, त्यावर उंटावर बसवला की तो दांडी नीट धरू शकत नाही. उंट आधी दिला तर माणूस ताजा असतो. आमच्याकडे त्यानंतर उंटावरून एकही माणूस पडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मधे दोन प्रश्न विचारले, पंचा हलवणारा माणूस आजारी पडला तर काय हा त्यातला एक. मग म्हणाल्या आम्ही २४ जणी आहोत. मुलगा त्यांचा अबुधाबीला आहे, त्याच्या हाती पूर्ण पैसे आधीच रोख पाठवले. मी मागितले नव्हते. फेब्रुवारीचा चेक त्यातून पास झाला. त्या सकाळी बायकोने २४ जणींचे कांदेपोहे केले, पहाटे तीनला उठून, आणि लहबाबच्या वाळूत त्या बायकांनी लिंबू नाही म्हणून तक्रार केली.

२०१७ ते २०१९ चांगली गेली, लिहिण्यासारखं काही नाही. २०२० चं सगळ्यांनीच लिहिलंय. एवढंच सांगतो की क्वाडला कव्हर घालून ठेवता येतं, उंट रोज खातो, आणि लसूणघासाची पेंढी, इथं त्याला जत म्हणतात, ती लॉकडाऊनमध्ये स्वस्त होत नाही. २०२१ ला कायदा बदलला तसं लायसन पूर्ण स्वतःच्या नावावर केलं. चाचा त्याच वर्षी गावी परत गेले. आता त्यांचा पुतण्या आहे, तो मोबाईल बघत-बघत पंचा हलवतो, त्यावरून रोज बोलणी खातो.

आता धंद्यात नवीन येणाऱ्या पोरांना, विचारलं नाहीये तरी. पार्टनरशिपमध्ये सिम कार्ड कंपनीच्या नावावर घ्या. पहिल्याच वर्षी दहा क्वाड हप्त्यावर घेऊ नका, चार घ्या आणि त्या स्वतः खोलायला शिका. ओढणी, पदर, स्कार्फ क्वाडवर बसायच्या आधी काढून घ्या किंवा आत खोचा, ह्यावर पाहुणी रागावली तरी चालेल, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ओढणी गेली की ती गळ्याला आवळते आणि तो सेकंदाचा खेळ असतो. पाहुण्याने सांगितलं की मला गाडी चालवता येते तर त्याचा लिमिटर अजून अर्धा वळसा आत घ्या.

ह्या फेब्रुवारीत काकू आल्या होत्या. ७६ वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत, उंटावर चढवत नाही आता. ग्रुप उंटावर असेपर्यंत त्या खुर्चीवर बसून डोकी मोजत होत्या. मग मला बोलावून म्हणाल्या, "अरे, ती तुझी चार चाकांची मला दे की. ह्याला गुडघे कुठं लागतात." मी बरंच टाळून बघितलं. शेवटी सगळ्यात लहान क्वाड सपाट जागेवर आणली, हेल्मेट घातलं, इंजिन बंद करायची दोरी माझ्या हातात ठेवली आणि लिमिटरचा स्क्रू पार शेवटपर्यंत आत फिरवला. काकूंनी अंगठा दाबला, क्वाड निघाली, मी शेजारून चालत होतो. धावत नाही, चालत. पन्नासेक फूट गेल्यावर त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे काय रे? उंट बरा पळत होता."