एक इन्स्ट्रक्शन कमी झाली आणि लूप स्लो झाला

मी कंपायलरच्या बॅकएंडवर, म्हणजे शेवटी मशीन कोड बनवणाऱ्या भागावर, काम करते. आमचा कंपायलर एलएलव्हीएमवर (कंपायलर बनवायचा तयार ओपन-सोर्स पाया) उभा आहे, वर आमचे स्वतःचे थोडे पास (कोडवर एकेक बदल करणारे टप्पे) आणि थोडे रिपोर्ट. त्यातलाच एक रिपोर्ट रोज रात्री चालतो, जुन्या आणि नव्या कंपायलरने केलेला असेंब्ली कोड घेतो, प्रत्येक बेसिक ब्लॉकचा (मध्ये उडी नसलेला कोडचा सलग तुकडा) क्रिटिकल पाथ, म्हणजे एकमेकींवर अवलंबून असलेल्या इन्स्ट्रक्शनची सगळ्यात लांब साखळी, किती सायकलचा आहे ते मोजतो आणि कुठे वाढला असेल तर लाल दाखवतो. बेस नुकताच नव्या व्हर्जनवर नेला होता, त्या दिवशी सकाळी रिपोर्ट हिरवागार होता आणि त्याच सकाळी तिकीट आलं की नवीन कंपायलरने एक फंक्शन जवळजवळ दीडपट वेळ घेतंय.

फंक्शन बघितलं तर हसायलाच आलं कारण त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. डबलचे दोन ॲरे, एकाचा घटक गुणिले दुसऱ्याचा घटक, आणि ते एका बेरजेत टाकत जायचं. डॉट प्रॉडक्ट. ह्यात काय स्लो होणार? असेंब्ली काढली, जुनीत लूपमध्ये सहा इन्स्ट्रक्शन : लोड, मेमरीतून घेऊन गुणाकार, बेरीज, काउंटर वाढवणं, कम्पेअर, जम्प. नवीनमध्ये पाच. गुणाकार आणि बेरीज मिळून एक एफएमए (फ्यूज्ड मल्टिप्लाय-ॲड) झालेली. म्हणजे कोड कमी झाला, ब्लॉकचा पाथ पण कमी झाला (रिपोर्ट खोटं बोलत नव्हता), आणि माणूस म्हणतोय स्लो.

माझ्या मशीनवर चालवून बघितलं, दोन्हीला सारखाच वेळ. आता इथे तिकीट "रिप्रोड्यूस होत नाही" म्हणून बंद करायचा मोह कुणालाही होतो, पण तिकिटात शेवटी एक ओळ होती जी सगळ्यांनी बाजूला ठेवली होती, की उत्तराचे शेवटचे काही अंक पण बदललेत, ते वेगळं तिकीट टाकू का. ते वेगळं नव्हतंच. एफएमए गुणाकार आणि बेरीज करून एकदाच राउंडिंग करते, वेगळ्या दोन इन्स्ट्रक्शन दोनदा करतात, म्हणून शेवटचे अंक हलतात. आणि नवीन बेसमध्ये ती आली कुठून तर क्लँग (एलएलव्हीएमचा सी/सी++ कंपायलर) १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, एकाच एक्स्प्रेशनमधला गुणाकार आणि बेरीज जोडायची परवानगी डिफॉल्टनेच चालू आहे, आधी ती सांगून चालू करावी लागायची. म्हणजे दोन्ही तक्रारींचा आरोपी एकच. फक्त हा आरोपी स्लो कसा करतोय ते कळत नव्हतं.

मग विचारलं, मशीन कुठलं? उत्तर आलं हॅसवेल, इंटेलची जुनी पिढी. माझं होतं स्कायलेक, त्याच्या नंतरची. तिथेच अर्धं कोडं सुटलं.

हॅसवेलवर फ्लोटिंग पॉइंट बेरजेची लेटन्सी (उत्तर हाती यायला लागणारा वेळ) ३ सायकल, गुणाकाराची ५, एफएमएचीही ५. स्कायलेकवर तिन्ही ४. आता रिपोर्टच्या डोळ्यांनी बघा, लोडचे सायकल दोन्हीकडे सारखे म्हणून सोडून द्या. हॅसवेलवर एका फेरीत गुणाकार आणि मग बेरीज, ५ आणि ३ मिळून ८. एफएमए केली की ५. आठाचे पाच झाले, हिरवा टिक. पण लूप एकदा चालत नाही ना, हजार वेळा चालतो, आणि एका फेरीतून पुढच्या फेरीत काय जातं तर फक्त बेरीज. गुणाकाराला मागच्या फेरीकडून काहीच नको असतं, त्याला फक्त ॲरेचे घटक हवेत, ते कधीही आणता येतात. हॅसवेलचा रीऑर्डर बफर (आत घेतलेली पण अजून पक्की न झालेली कामं ठेवायची जागा) १९२ मायक्रो-ऑपचा (इन्स्ट्रक्शनचे छोटे तुकडे) आहे, म्हणजे प्रोसेसर बऱ्याच फेऱ्या पुढे जाऊन लोड आणि गुणाकार उरकून बसलेला असतो आणि बेरजेची वाट बघत असतो. दहा जण फॉर्म भरून देतायत आणि सही करणारा एकच, तर रांग सहीच्या वेगाने सरकते, फॉर्म भरायला किती वेळ लागतो ह्याने काही फरक पडत नाही. जुन्या कोडमध्ये सहीला ३ सायकल लागत होते. एफएमए केल्यावर फॉर्म भरायचं कामही सही करणाऱ्याच्याच टेबलावर आलं, आणि रांग दर ५ सायकलला एक अशी सरकायला लागली.

म्हणजे लूप फेरीमागे ३ वरून ५ वर. स्कायलेकवर ४ वरून ४ वर, म्हणून मला काही दिसलंच नाही.

हे सगळं कागदावर झालं, आता खात्री. एलएलव्हीएम-एमसीए नावाचं टूल आहे, त्याला असेंब्लीचा तुकडा आणि प्रोसेसरचं नाव दिलं की ते कंपायलरच्याच शेड्यूलिंग मॉडेलवरून तो तुकडा शंभर वेळा चालवल्यासारखं करून सायकल सांगतं. ते फेऱ्यांमधलं अवलंबित्व पण धरतं. हॅसवेल सांगून दोन्ही तुकडे दिले तर एक तीनशेच्या थोडं वर, दुसरा पाचशेच्या थोडं वर. टाइमलाइन काढली तर चित्रच समोर : प्रत्येक फेरीतली एफएमए डिस्पॅच झाल्यावर (कामाच्या रांगेत शिरल्यावर) "=" "=" "=" करत उभी, आणि खाली खाली ती बरोबर-चिन्हांची शेपटी लांबत जाते. (हे टाइमलाइन लोक का वापरत नाहीत मला कळत नाही, सारांशातल्या आकड्यांपेक्षा दहापट सांगून जातं.) सारांशात ब्लॉक आर-थ्रूपुट नावाचा आकडा असतो, तो दोन्हीला जवळपास सारखाच आणि छोटा होता, कारण तो फक्त पोर्ट (प्रोसेसरमधल्या काम करायच्या खिडक्या) आणि डिस्पॅचची रुंदी (एका सायकलला किती कामं आत जातात) बघतो, अवलंबित्व बघतच नाही. आमच्यातले निम्मे लोक तोच आकडा बघून पुढे जातात.

एमसीए कॅश बघत नाही, ब्रँच प्रेडिक्शन बघत नाही, सगळे लोड एल-वनमध्ये, म्हणजे सगळ्यात जवळच्या कॅशमध्ये, सापडतात असं धरतं, म्हणून खऱ्या हॅसवेलवर पण मोजायला हवं होतं. टेस्ट लॅबमध्ये एक जुनं मशीन निघालं, टर्बो बंद केलं, एका कोअरला बांधून ठेवलं, हजार घटकांचे दोन ॲरे घेतले म्हणजे मिळून १६ केबी, ३२ केबीच्या एल-वनमध्ये आरामात बसतात. जुना कोड साधारण तीन हजार सायकल, नवीन साधारण पाच हजार. इन्स्ट्रक्शन सहा हजारच्या पाच हजार झालेल्या, म्हणजे आयपीसी (सायकलमागे इन्स्ट्रक्शन) २ वरून १. इतकं स्वच्छ उत्तर बॅकएंडमध्ये क्वचित मिळतं. ॲरे मोठे करून मेमरीतून आणायला लावले की फरक पुसट होत गेला, तिथे सगळेच मेमरीची वाट बघतात.

टीममधली सीनियर शेजारी येऊन उभी राहिली, तिला दाखवलं. ती म्हणाली, "अगं मग सांग ना त्यांना, जोडणं बंद करा फ्लॅगने, संपलं."

मी म्हटलं, "त्यांच्याच फाइलमध्ये खाली हॉर्नर आहे, तो बघ."

हॉर्नर म्हणजे पॉलिनॉमियल काढायची नेहमीची पद्धत, आतापर्यंतचं उत्तर गुणिले एक्स अधिक पुढचा सहगुणक. इथे साखळी गुणाकारातूनच जाते, मागच्या फेरीचं उत्तर गुणाकाराला लागतं. म्हणून वेगळं ठेवलं तर फेरीमागे ५ आणि ३ मिळून ८, आणि एफएमए केली तर ५. तीच इन्स्ट्रक्शन, तेच मशीन, तेच आकडे, आणि इथे घसघशीत फायदा. फरक एवढाच की साखळी एफएमएच्या कुठल्या ऑपरँडमधून (इनपुटमधून) आत येते. बेरजेच्या ऑपरँडमधून आली तर तोटा, गुणाकाराच्या ऑपरँडमधून आली तर फायदा. फ्लॅगने सरसकट बंद केलं तर डॉट प्रॉडक्ट सुधारणार आणि हॉर्नर बिघडणार.

आणि हा प्रश्न कंपायलर कुठे विचारतो? तर जोडायचा निर्णय घेताना टार्गेटला (ज्या प्रोसेसरसाठी कोड करायचा त्याच्या वर्णनाला) एकच विचारलं जातं, ह्या टाइपसाठी एफएमए ही वेगळ्या गुणाकार-बेरजेपेक्षा फास्ट आहे का, हो की नाही. एक्स८६ मध्ये एफएमए असलेला प्रोसेसर असेल तर डबलला उत्तर हो. लूप, साखळी, ऑपरँड ह्यातलं काही त्या प्रश्नात नाहीच. प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, बहुतेक वेळा उत्तर बरोबरच येतं. जीसीसीमध्ये (दुसरा मोठा कंपायलर) एएमडीच्या झेन प्रोसेसरच्या काही पिढ्यांसाठी एफएमएच्या साखळ्या टाळायचं ट्यूनिंग आधीपासून आहे, झेन २ वर बेरीज ३ आणि एफएमए ५ आहे, म्हणजे दुखणं हेच.

बरं, मग डॉट प्रॉडक्टला व्हेक्टराइझ का नाही केलं, चार-आठ वेगवेगळ्या बेरजा ठेवून शेवटी एकत्र का नाही केल्या, असं कुणीही विचारेल. फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, फास्ट-मॅथ हा फ्लॅग दिल्याशिवाय कंपायलरला तो अधिकार नाही, आणि शेवटचे अंक हलले म्हणून तिकीट टाकणारी मंडळी फास्ट-मॅथ देणार नव्हती हे उघड होतं.

दुपारी पॅचला बसले. पहिला विचार असा की इन्स्ट्रक्शन ठरून झाल्यावर, मशीन कोडच्या पातळीवर एक छोटा पास टाकायचा, साखळी शोधायची आणि एफएमए फोडायची. तिथे लेटन्सीची टेबलं हाताशी असतात. पण तिथे पोचेपर्यंत कंपायलरने स्वतः जोडलेली एफएमए आणि प्रोग्रामरने मुद्दाम एफएमए फंक्शन बोलवून मागितलेली एफएमए ह्या दोन्ही एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये येऊन बसलेल्या असतात, आणि मुद्दाम मागितलेली फोडली तर दोनदा राउंडिंग, म्हणजे सरळ चुकीचा कोड. म्हणून वर जावं लागलं, आयआरमध्ये (कोडचं मशीन कोडच्या आधीचं रूप), जिथे दोन्हींसाठी वेगळे इंट्रिन्सिक (कंपायलरची अंगभूत फंक्शन) आहेत : एक म्हणजे एफएमएच हवी, आणि दुसरं एफमुलॲड, ज्याचा अर्थच असा की जोडा किंवा नका जोडू, तुमची मर्जी. तर नियम असा लिहिला की एफमुलॲडचा बेरजेचा ऑपरँड लूपच्या फायमधून (मागच्या फेरीची किंमत पुढच्या फेरीत आणणारी नोंद) येत असेल आणि उत्तर त्याच फायमध्ये परत जात असेल, आणि बेरजेची लेटन्सी एफएमएपेक्षा कमी असेल, तर वेगळं ठेवा.

रिव्ह्यूला टाकलं आणि सीनियरचा पहिलाच प्रश्न : "आणि मॅट्रिक्स गुणाकार?"

बरोबर होतं तिचं. तिथे लूपमध्ये एक बेरीज नसते, आठ-दहा-बारा वेगळ्या बेरजा एकाच वेळी चालू असतात, प्रत्येक साखळी वेगळी. हॅसवेलला एफएमए दोन पोर्टवर जाते, शून्य आणि एक, बेरीज मात्र फक्त पोर्ट एकवर. दहा बेरजा असतील तर एफएमएला फेरीमागे ५ सायकल पुरतात, वेगळं केलं तर दहा बेरजा एका पोर्टमधून म्हणजे १० सायकल. चार असतील तर एफएमएला ५ आणि वेगळं केलं तर ४. पाचला बरोबरी. म्हणजे नुसती लेटन्सी पुरत नाही, लूपमध्ये अशा किती साखळ्या आहेत ते मोजून साखळीचा वेळ आणि पोर्टचा वेळ ह्यातला जो मोठा तो धरायचा, दोन्ही पद्धतींसाठी, आणि मग तुलना. हे मोजणं जुळवायला संध्याकाळ झाली, पण खरं सांगायचं तर दिवसभरातलं सगळ्यात मजेचं काम तेच होतं.

रात्रीच्या रिपोर्टमध्ये पण एक कॉलम वाढवला, ब्लॉकच्या पाथशेजारी लूपच्या साखळीचा आकडा. आता तिथे हॅसवेलला "८ ते ५" च्या बाजूला "३ ते ५" दिसतं आणि ती ओळ लाल होते.

राहिलं आर्म. निओव्हर्स एन-१ वर एफएमएची लेटन्सी ४ लिहिलेली असते आणि बेरजेची २, माझ्या नियमाने लगेच फोडली असती, पण तिथे एका एफएमएचं उत्तर दुसऱ्या एफएमएच्या बेरजेच्या ऑपरँडला उशिरा दिलं तरी चालतं, त्यामुळे साखळीत खरी किंमत २ च पडते, फोडून काही मिळत नाही, उलट एक इन्स्ट्रक्शन वाढते. एलएलव्हीएमच्या मॉडेलमध्ये हे रीडॲडव्हान्स म्हणून लिहायची सोय आहे, इन्स्ट्रक्शनला एक आकडा न देता ऑपरँडप्रमाणे. म्हणून पास आता तिथून ऑपरँडची लेटन्सी विचारतो, आणि ज्या प्रोसेसरच्या मॉडेलमध्ये एफएमएचा ऑपरँडप्रमाणे आकडा कुणी तपासून भरलेला नाही त्यांच्यासाठी तो बंदच ठेवलाय. ती यादी बरीच मोठी आहे, एकेक मशीन मिळेल तसं मोजून भरतोय.