कार्ड जागचं हलेना

दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी मी खुडणीच्या नियोजनाचा बोर्ड बनवत होते. वरती तयार प्लॉटची कार्डं (शेतकऱ्याचं नाव, वाण, ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप), खाली वारांचे रकाने. कार्ड उचलायचं आणि मंगळवारात टाकायचं, एवढंच काम. इंदिरानगरला घरी लॅपटॉपवर झकास चालत होतं. कार्डाला 'ड्रॅगेबल' (ओढता येण्याजोगं) लावलं की उरलेलं ब्राउझर बघतो.

दाखवायला गेले ते फेब्रुवारीत, ऐन हंगामात. सुपरवायझर दादांनी खिशातून फोन काढला, अंगठ्याने कार्ड ओढलं आणि अख्खं पान वर गेलं.

"ताई, पान सरकतंय, पण माल काही जागचा हलत नाही."

ते तयार ड्रॅग अँड ड्रॉप मुळात १९९९च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५मधलं, माऊससाठी घडवलेलं. बोटाच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. बोट टेकलं, हललं, उचललं की ब्राउझर तसे इव्हेंट, म्हणजे निरोप, पाठवतो: टचस्टार्ट, टचमूव्ह, टचएंड. मग दोन रात्री त्यांचा कोड लिहिण्यात गेल्या. माऊसचा कोड वेगळा, बोटाचा वेगळा. त्यात नुसतं टेकवून बोट उचललं की ब्राउझर मागाहून माऊसचे इव्हेंटही पाठवतो, म्हणून एकच कार्ड दोनदा उचललं जायचं. पान सरकू नये म्हणून प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारी आज्ञा) लावलं, तर क्रोमने ते धुडकावलं. टचमूव्ह डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पानावर ऐकत असाल, तर २०१७पासून क्रोम त्याला पॅसिव्ह धरतो, म्हणजे नुसतं ऐकायचं, सरकणं अडवायचं नाही. 'पॅसिव्ह: फॉल्स' स्पष्ट लिहावं लागतं.

शेवटी सगळं पुसलं आणि पॉइंटर इव्हेंट्सवर आले. माऊस, बोट, पेन, सगळ्यांना एकच पॉइंटरडाऊन. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१५मध्येच ते मान्य केलं होतं, पण ॲपलच्या सफारीत आलं २०१९ला. हाताला जुनी सवय म्हणून मी अजून टचलाच चिकटून होते.

इथेही कार्ड दोन बोटं सरकायचं आणि गोठायचं. कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या नोंदींच्या खिडकीत) पाहिलं तर पॉइंटरकॅन्सल. म्हणजे ब्राउझर म्हणत होता, "हे स्क्रोल आहे, बोट आता माझं." त्यावर उपाय सीएसएसमधला (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधला), 'टच-ॲक्शन: नन', म्हणजे इथल्या स्पर्शाने ब्राउझरने काही सरकवायचं नाही. लावलं, कार्ड सुरेख हललं. पण आता यादी सरकेना, कारण अख्खी यादी कार्डांचीच! बोट टेकवायला मोकळी जागाच नाही. मग वाटलं, दाबून धरल्यावरच टच-ॲक्शन बदलू. तेही चालत नाही. बोट टेकतं त्या क्षणी जे मूल्य असेल तेच त्या स्पर्शाला शेवटपर्यंत लागू राहतं. अखेर कार्डाच्या उजव्या कडेला सहा ठिपक्यांची मूठ काढली आणि 'नन' फक्त तिला दिलं. मूठ धरली तर कार्ड हलतं, बाकी कुठेही बोट फिरवलं तर यादी.

पुढचे सगळे इव्हेंट एकाच घटकाला बांधून देणाऱ्या सेटपॉइंटरकॅप्चरमुळे माऊस खिडकीबाहेर गेला तरी कार्ड हातातून सुटेना. पण कॅप्चर झालं की सगळे इव्हेंट त्या मुठीकडेच येतात, खाली कोणता वार आहे ते कळत नाही. ते एलिमेंटफ्रॉमपॉइंटला विचारायचं, या बिंदूवर काय आहे ते तो सांगतो. आणि हातातल्या कार्डाला 'पॉइंटर-इव्हेंट्स: नन' द्यायचं, म्हणजे शोधात ते धरलं जात नाही, नाहीतर उत्तर म्हणून तेच कार्ड परत मिळतं. पॉइंटरकॅन्सल आलाच, तर कार्ड मूळ जागी परत. हंगामात दादांचा फोन सारखा वाजतो, तेव्हा हे लागतंच.

पुढच्या खेपेला दादांनी मूठ धरली, कार्ड हललं, आणि ते म्हणाले, "कोणाचा प्लॉट धरलाय ते दिसत नाही." बरोबरच होतं. त्यांच्या अंगठ्याखाली नाव झाकलं जात होतं. आता बोटाने उचललं की कार्ड अंगठ्याच्या वर तरंगतं, आणि कुठे पडणार तेही कार्डाच्या मध्यावरून ठरवते, कारण माणूस कार्डाकडे बघतो, बोटाकडे नाही. माऊसला हे लागू नाही. पॉइंटरटाइप (माऊस की बोट) बघून सोडून देते.

शुक्रवार-शनिवारचे रकाने मात्र फोनवर स्क्रीनच्या खालीच राहतात. मुठीवर 'नन' असल्यामुळे कार्ड काठाशी नेलं तरी पान आपणहून सरकत नाही; ते सरकवायचा कोड मलाच लिहायचाय. तोवर दादा शनिवारचा माल आधी गुरुवारात टाकतात, मग खाली जाऊन तिथून शनिवारात.