दात आणि जीभ

गेल्या वर्षी चैत्रात माझे वरच्या मजल्यावरच्या बाईंशी भांडण झाले. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून केलेल्या कुरडया मी गॅलरीत वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्या ओल्या कपड्यांचे पाणी नेमके त्यांवर गळले. शब्दाला शब्द लागला. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणेच सोडले, जिन्यात त्यांची चाहूल लागली की दार लोटून घेऊ लागले, आणि आपले मन आता शांत आहे असे स्वतःला बजावू लागले.

या समजाला तडा गेला तो मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमुळे. लोकांनी केलेल्या अपमानाने व्यथित झालेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेरून त्यांची समजूत घातली, असा या अभंगांमागचा प्रसंग परंपरेने सांगितला जातो. परंपरेनुसार मुक्ताबाईंचा जन्म 1279 मधला, म्हणजे त्या ज्ञानेश्वरांहून चार वर्षांनी लहान. ‘संन्याशाची पोरे’ म्हणून चारही भावंडांना वाळीत टाकले गेले होते, त्यामुळे जी जखम भावाची तीच बहिणीचीही होती. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण झळ न लागलेल्या माणसाने सहनशीलता शिकवली तर ती ऐकवत नाही. इथे मात्र ‘विश्व रागें झाले वन्हि। संतें सुखें व्हावें पाणी’ हे सांगणारी स्वतः त्याच आगीतून आलेली आहे.

त्याच अभंगांत त्या दातांची आणि जिभेची गोष्ट काढतात. दातांखाली जीभ चावली गेली म्हणून कोणी बत्तिशी पाडून टाकली आहे का, असे त्या विचारतात. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. घास चावताना जीभ दुखावते, डोळ्यांत पाणी येते, आणि पुढचा घास त्याच दातांनी चावावा लागतो, कारण तोंड एकच असते. समोरच्याची चूक नव्हतीच, असे मुक्ताबाई म्हणत नाहीत. दुखावणारा आणि दुखावलेला एकाच देहाचे आहेत, एवढेच त्या दाखवतात, आणि मग पुनःपुन्हा विनवतात, ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’.

मी ज्याला शांती म्हणत होते, ते केवळ लावलेले दार होते. आत बसून मी रोज तेच भांडण नव्याने भांडत होते, आणि त्यात दरवेळी मीच जिंकत होते. अभंगातली शांती दाराबाहेर, माणसांत येऊन टिकवायची आहे. मला ती अवघड वाटते, अजूनही वाटते.

यंदा गहू भिजत घातले त्या दिवशी मी वर जाऊन बाईंना सांगून आले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि कपडे घरातल्या दोरीवर घालते म्हणाल्या. चौथ्या दिवशी चीक शिजला, तेव्हा साखर-तूप घालून एक वाटी गरम गरम वर नेऊन दिली.