आमची वाटचाल : दर पाच मिनिटांनी येणारी ती ओळ

नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या दोन खोल्यांत आमची होस्टिंगची, म्हणजे लोकांच्या साइट सर्व्हरवर चालवायची, फर्म उभी राहिली ती पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदारांच्या भरवशावर. आम्ही त्यांना दादा म्हणतो. फर्म बुडायची वेळ आली तीही त्यांच्याच साइटपायी.

ऐन हंगामात अ‍ॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे साइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीची ओळ लिहिणाऱ्या फाइलमध्ये, दर पाच मिनिटांनी एकच विनंती दिसू लागली. आयपी, म्हणजे मागणाऱ्याचा नेटवरचा पत्ता, एकच, पान जुन्या साठ्याचं, उत्तर 404, म्हणजे असं पानच नाही. शहरातल्या दुसऱ्या एका फर्मने दादांना सांगितलं, साइट हॅक झालीय, सर्व्हर आमच्याकडे हलवा, आणि तोवर तो आयपी अडवून घ्या. अडवला, तर द्राक्षं भरायच्या पॅकहाउसमध्ये दादांचीच साइट उघडेना. या बोभाट्यात आमची तीन कामं गेली. ते अजून डाचतं, कारण उत्तर त्या ओळीतच होतं.

ग्रेप (grep) कमांडने त्या पानाच्या ओळी काढल्या, ऑक (awk) कमांडने वेळेचा रकाना. सेकंद प्रत्येक वेळी 02 नाहीतर 03. म्हणजे शेड्युलर, घड्याळाच्या ठरल्या वेळी काम चालवणारा. पाच मिनिटं थांबून पुन्हा मागणारा लूप असता, तर उत्तराला लागलेला वेळ दर फेरीत साचून सेकंद पुढे सरकत गेले असते. रेफरर (कुठल्या पानावरून आला ते) रिकामा, यूजर एजंट (मागणाऱ्या प्रोग्रॅमने सांगितलेलं नाव) कर्ल, हे कमांडने पान मागवायचं साधन, म्हणजे ब्राउझर नाही. भोकं शोधणारा बॉट तर एका पानाला चिकटून बसतच नाही. लॉगिन, बॅकअप, कॉन्फिग अशी सगळी दारं ठोठावतो. पॅकहाउसच्या संगणकाचा बाहेरचा आयपी बघायला लावला. तोच निघाला! टास्क शेड्युलरमध्ये साठ्याचे आकडे पाठवणारी जुनी बॅच फाइल, म्हणजे कमांडची यादी, होती, साइट नवी झाली तेव्हा बंद करायची राहिलेली.

दादा आमच्याकडेच राहिले. पुढची वर्षं सुरळीत गेली.

या धंद्यात नवीन असाल तर अडवण्याआधी ओळख पटवा. मोबाइल नेटवर एका आयपीमागे कितीतरी ग्राहक असतात. गूगलबॉट, म्हणजे गूगलचा पानं वाचणारा बॉट, म्हणवणाऱ्याच्या आयपीवरून उलट डीएनएसने नाव काढा, ते गूगलच्याच डोमेनचं आहे का बघा आणि त्या नावावरून तोच आयपी परत मिळतो का पाहा. यूजर एजंट कोणीही काहीही लिहू शकतो. लॉगची वेळ +0000 असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. ::1 वरून, म्हणजे त्याच सर्व्हरवरून, आलेली ऑप्शन्स विनंती अपाचे या वेब सर्व्हरची स्वतःची असते, चाइल्ड प्रोसेस जागी करायला. आणि लॉग लवकर पुसू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे ते 180 दिवस ठेवायचे असतात. उबंटूवर अपाचेच्या लॉगरोटेट फाइलमध्ये रोज फिरवणं, म्हणजे जुना लॉग बाजूला ठेवून नवा सुरू करणं, आणि 14 प्रती असं असतं. त्या 14 चे 180 करा, कॉम्प्रेस चालू ठेवा.