स्लीव्ह सर्जरीनंतरचा ऑफिसचा डबा : माझा अनुभव

माझी स्लीव्ह सर्जरी (वजन कमी करण्यासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन) झाली आणि घरी होते तोपर्यंत खाण्याचं काही टेन्शन नव्हतं, आधी नुसतं लिक्विड, मग मिक्सरमधून काढलेलं पातळ, मग मऊ, सगळं स्टेपप्रमाणे आणि करून द्यायला आई (माझ्या सासूबाई) होत्याच. खरा प्रश्न ऑफिस सुरू झाल्यावर आला. सकाळी सातची लोकल पकडायची म्हणजे डबा आदल्या दिवशीच तयार पाहिजे, आणि जुना डबा म्हणजे तीन पोळ्या, भाजी, वरणभात, त्यातलं आता जवळजवळ काहीच चालणार नव्हतं. पोटाचा साधारण पाऊण भाग काढून टाकलेला असतो, त्यामुळे एका वेळी अर्धी वाटी जाते, फार तर पाऊण. आणि दिवसाचं प्रोटीन मात्र ६० ते ८० ग्रॅम व्हायला हवं असं डायटिशियनने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. म्हणजे त्या अर्ध्या वाटीत पोळीला जागाच नाही हो. आधी प्रोटीन, मग भाजी, आणि मग उरलीच जागा तर दोन घास भात.

आता मी सगळं रविवारी करून ठेवते. सगळ्यात जास्त उपयोगाचं काय निघालं तर अप्पेपात्र. चार अंडी फेटायची, त्यात शंभर ग्रॅम पनीर कुस्करून, किसलेलं गाजर, कोथिंबीर, मीठ, मिरपूड, आणि पात्राला अगदी थेंबभर तेल लावून मंद गॅसवर झाकण ठेवून करायचे. बारा अप्पे होतात, तीन खाल्ले की दहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पोटात जातं. गॅस मोठा ठेवला की कडा कोरड्या होतात आणि कोरडं काहीही असलं तर ते छातीत अडकल्यासारखं होतं, ज्यांची सर्जरी झालीय त्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर कळेल. हे अप्पे फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवायचे, फ्रीझ करू नका, अंड्याचं रबर होतं.

फ्रीझरसाठी चिकन खिमा. पाव किलो खिमा, त्यात किसलेला दुधी आणि दोन चमचे दही, आलं-लसूण, हळद, थोडा गरम मसाला, तिखट अगदी कमी. दुधी विरघळून जातो आणि खिमा ओलसर राहतो, नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये परत गरम केला की भुसा होतो नुसता. गार झाला की इडलीपात्राच्या साच्यांत भरून फ्रीझ करते, गोठला की काढून पिशवीत. एक इडली म्हणजे एक जेवण, मोजायची कटकट नाही! आदल्या रात्री एक काढून खाली फ्रीजमध्ये ठेवायची, सकाळी डब्यात.

शाकाहारी दिवशी, म्हणजे आमच्याकडे सोमवार-गुरुवार, मूगडाळीचं घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मुगाची मऊ शिजवलेली उसळ, आणि सोबत चक्का. दही रात्रभर फडक्यात टांगून ठेवायचं, पाणी निघून गेलं की त्यात जिरेपूड, मीठ, किसलेली काकडी. नुसतं दही खाऊन पोट भरतं पण प्रोटीन कमी मिळतं, तेच चक्क्यात तेवढ्याच चमच्यांत कितीतरी जास्त. मटकी आणि छोले मी पहिले काही महिने बाजूलाच ठेवले, गॅसने पोट फुगायचं आणि मीटिंगमध्ये बसवत नव्हतं.

आईंना सुरुवातीला तो डबा बघवायचा नाही. "अगं एवढ्याशा वाटीत काय होणार गं तुझं, दुपारभर काम करायचंय," असं रोज. मग एकदा त्यांना डायटिशियनकडे सोबत नेलं, तिने त्यांना नीट समजावलं, आणि आता चक्का टांगायचं काम त्यांनीच घेतलंय. घरातल्या माणसांना एकदा तरी सोबत न्याच, अर्धी लढाई तिथेच होते.

डब्याइतकंच खायच्या वेळेचंही प्लॅनिंग करावं लागतं. जेवताना पाणी नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही, म्हणून बाटली मी डेस्कवर ठेवूनच पॅन्ट्रीत जाते. छोटा चमचा घ्यायचा, घास बारीक होईपर्यंत चावायचा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि ती काढायचीच, कॉल असला तर मी सरळ सांगते की दीडनंतर जॉईन होते. पोट भरल्याची जाणीव हळू येते आणि एक घास जास्त झाला तरी तासभर त्रास होतो. टेबलवर बाकीच्यांचे डबे फिरत असतातच, वडे, जिलबी, कोणाच्या घरचा शिरा. मी आधी माझी वाटी संपवते, मग हात पुढे करायची इच्छाच बहुतेक उरत नाही.

गोळ्यांचा एक छोटा डबा पर्समध्ये वेगळा असतो. आयर्न आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी हवेत, म्हणून कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि आयर्न रात्री. बी-ट्वेल्व्ह आणि बाकीचं डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं, आणि ब्लड टेस्ट चुकवत नाही. तुमचं स्लीव्हऐवजी गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करायचंच दुसरं ऑपरेशन) असेल तर गोडाच्या बाबतीत अजून जपावं लागतं, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सध्या सोयाचा खिमा चालू केलाय, चंक्स गरम पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून मिक्सरमध्ये फिरवायचे आणि टोमॅटो-दह्यात शिजवायचे. पहिल्या वेळी जरा दाणेदार झाला, पुढच्या रविवारी दुधी वाढवून बघणार आहे.