तुळशीवरची अमरवेल पुन्हा फुटली. पण ओळख पक्की झाली

अमरवेल म्हणजे दुसऱ्या झाडाचा रस शोषून जगणारी बिनपानांची वेल. तिच्यापासून तुळस मोकळी झाली, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. झाली नव्हती. परवा पाणी घालताना पाहिलं, तर ज्या फांदीवरून एकेक तंतू उकलून काढला होता, तिच्याच सालीतून नारिंगी-पिवळे तीन कोंब वर आलेले. अकरा दिवसांत! भिंग लावल्यावर उलगडा झाला. वेल ओढून काढली तरी तिची शोषक मुळं फांदीच्या आत रुतून राहतात आणि तेवढ्या तुकड्यावरून ती परत फुटते. तेव्हा उकलत बसू नका. शेवटच्या विळख्याच्या चार बोटं खालून फांदीच छाटा. कात्री डाळिंबाच्या छाटणीला वापरतात तीच घ्या. कुंड्यांच्या दुकानातली रंगीत मुठीची कात्री फांदी चेचते.

आई म्हणाली, आज द्वादशी आहे, उद्या काप. एक दिवस थांबलो.

आता ओळखीचं. माझ्याकडची वेल म्हणजे बोरी-अडुळशावर दिसते तीच आपली गावठी अमरवेल, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मलाही तसंच वाटायचं. या आठवड्यात वाफ्यातल्या वांग्यांवर चढलेल्या याच वेलीला फुलं आली. पांढरट, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, गुच्छाने. एक फूल सुईने उघडलं. आत दोन वेगवेगळे कुक्षीवृंत (फुलातल्या बीजकोशावरचे बारीक दांडे), प्रत्येकाच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी गोल गाठ. गावठीचं, म्हणजे कस्कुटा रिफ्लेक्साचं, खोड जाड आणि हिरवट, फुलं मोठी, कुक्षीवृंत एकच आणि आखूड. माझ्याकडची आहे कस्कुटा कॅम्पेस्ट्रिस, मूळची उत्तर अमेरिकेतली. ती दोन गाठी दिसल्या तेव्हा फार आनंद झाला.

नाव कळलं तसा मार्गही कळला. ही लसूणघासाच्या बियाण्यातून जगभर पसरलेली जात. दिवाळीत वाफ्यात टाकलेलं शेणखत ज्या गोठ्यातलं, तिथे म्हशींना लसूणघासच असतो. अमरवेलीचं बी जनावराच्या पोटातूनही जिवंत बाहेर पडतं, आणि खत अर्धंकच्चं होतं. यापुढे पूर्ण कुजलेलं, हाताला मातीसारखं लागणारं खतच घेणार.

उन्हाच्या तापाने मातीतलं बी मरावं म्हणून मे महिन्यात वाफ्यावर पाच आठवडे पारदर्शक प्लास्टिक अंथरलं होतं, तरी जुलैत उगवण झालीच. चूक माझी: नळाच्या पाण्याची पाळी नव्हती म्हणून कोरड्या मातीवरच अंथरलं. कडक कवचाचं कोरडं बी उष्णता सोसतं, भिजून फुगलेलं मरतं. पुढच्या मेमध्ये आधी वाफा भरपूर भिजवणार.

तोवर वर्षभर वाफा रिकामा ठेवायचा बेत होता. उगवताना हिचा नुसता दोरा असतो, पान नाही, आणि आठ-दहा दिवसांत झाड सापडलं नाही तर तो वाळतो. (हिच्या जवळच्या भावकीतल्या एका जातीचा दोरा टोमॅटोच्या वासाकडे झुकतो, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं.) म्हणून पाणी द्यायचं, उगवू द्यायचं, आठवड्याच्या आत खुरपायचं. पण लिहिता लिहिताच सुचलं: ही गवतवर्गावर सहसा जगत नाही, मग ज्वारी का नको? आपल्या मोहोळची मालदांडी ३५-१, घरची काळी माती, हस्ताच्या पावसावर पेरणी. रिकाम्या वाफ्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त मधलं रुंद पानांचं तण ठेवायचं नाही, नाहीतर ती त्याच्यावर तगेल. बी दहा-दहा वर्षं टिकतं, तेव्हा हे एका हंगामाचं काम नाही, दरवर्षी करावं लागेल.

वांग्याची सहा झाडं बी धरायच्या आत उपटली, पोत्यात भरली, वाळवून जाळली. खताच्या खड्ड्यात एक काडीही टाकली नाही.

तुळशीचं वीतभर खोड उरलंय. आज कापाच्या खाली हिरवी जोडपानं दिसली. पिवळा ठिपका कुठे नाही, भिंगाने दोनदा पाहिलं. आईने मंजिऱ्या आधीच काढून ठेवल्या होत्या. त्यांची रोपं गच्चीवर वेगळ्या मातीत चार पानांची झाली आहेत.